अंगणवाडी, आई आणि मतदारयादी

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्याच्या टपालात एकाच विषयाची बरीच पत्रं निघाली: बालवाडी-अंगणवाडीच्या निमित्ताने घरातल्या मोठ्यांना मतदानापर्यंत कसं न्यायचं? काहींना वरून तोंडी आदेश आला आहे, काहींना मनापासून वाटतंय, तर काहींचा रास्त आक्षेप आहे. सात पत्रं निवडली आहेत. जिथे चुका जास्त होतात तिथे उत्तरही लांबलं आहे.

पर्यवेक्षिकाताईंनी पालक मेळाव्यात मतदार जागृती घ्यायला सांगितली आहे. भाषण सोडून काय करता येईल? माझ्याकडे २२ मुलं आहेत, शिवाय टीएचआर (घरी न्यायचा पोषण आहार) न्यायला येणाऱ्या आया वेगळ्या.
*— अंगणवाडी सेविका, गेवराई तालुका*

ताई, भाषण नकोच. ‘मतदान हा आपला हक्क’ हे आयांनी भिंतीवर दहा वेळा वाचलंय. गाडी अडते ती दुसरीकडेच. यादीत नाव नसतं, आणि ते नाही हे मतदानाच्या दिवशी सकाळी कळतं. तेव्हा हातात काही उरत नाही, कारण उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते. जिल्हा परिषद किंवा ग्रामपंचायतीसाठी वेगळी नोंदणी होईल असंही समजू नका. तिथे विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडून वापरतात.

तेव्हा मेळाव्यात सरळ यादी वाचायला घ्या. तुमच्या यादीभागाची प्रत बीएलओकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे) असते, आयोगाच्या संकेतस्थळावरूनही उतरवता येते. मेळाव्याच्या चार दिवस आधी बीएलओसोबत तासभर बसा. (पुष्कळ गावांत बीएलओ ही शेजारच्या अंगणवाडीची सेविकाच असते, म्हणजे काम आणखी सोपं.) तुमच्याकडे कुटुंब सर्वेक्षणाचं रजिस्टर आहे. कोणाकडे सून आली, कोण फक्त बाळंतपणाला आली, कोण कायमचं गाव सोडून गेलं, हे तलाठ्याच्या आधी तुमच्या रजिस्टरात चढतं. मात्र रजिस्टर आहे तसं कोणाच्या हातात देऊ नका, त्यात गरोदरपणाच्या आणि वजनाच्या नोंदी असतात. नुसती नावं वेगळ्या कागदावर उतरवा आणि यादीशी ताडून बघा.

ताडताना सगळ्यात जास्त सापडतील त्या लेकुरवाळ्या सुना. लग्नाआधी माहेरी नाव लागलेलं असतं, सासरी कोणी हलवलेलं नसतं. अशा बाईचा नमुना ८ भरायचा, ‘निवास बदल’ या कामासाठी. इथेच मोठी चूक होते. कोणीतरी घाईत नमुना ६, म्हणजे नवीन नोंदणीचा अर्ज भरून टाकतं. त्यात ‘माझं नाव दुसऱ्या कोणत्याही यादीत नाही’ असं घोषणापत्र असतं आणि बाई त्याखाली सही करते. घोषणा जाणूनबुजून खोटी असेल तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अजाणता झालं तरी दुबार नावाचा घोळ पुढे तिलाच निस्तरावा लागतो.

नमुना ८ ला जुन्या ओळखपत्राचा क्रमांक लागतो. बाईला तो पाठ नसतो आणि कार्ड माहेरच्या कपाटात असतं. भावाला फोन लावा, कार्डाचा फोटो मोबाइलवर मागवा. कार्ड हरवलं असेल तर पोर्टलवर नावाने शोधता येतं, फक्त शोधताना माहेरचं नाव, वडिलांचं नाव आणि माहेरचा मतदारसंघ टाका. सासरच्या नावाने शोधून ‘सापडत नाही, नवीनच भरू’ म्हणणारे पुष्कळ भेटतील.

आणखी एक गाठ आहे. नमुना ८ मध्ये निवास बदल, नोंदीत दुरुस्ती, नवीन कार्ड आणि दिव्यांग नोंद अशी चार कामं दिली आहेत, पण एका अर्जात एकाच कामावर खूण करायची. पत्ता आणि आडनाव दोन्ही बदलायचं असेल तर आधी पत्ता हलवा, तो झाला की दुरुस्तीचा दुसरा अर्ज. नाव माहेरचंच ठेवायचं असेल तर खुशाल ठेवू दे, मतदानाला त्याची आडकाठी नाही.

पत्त्याचा पुरावा बाईच्या नावावर नसतोच, वीजबिल सासऱ्यांच्या नावावर. त्याची फार काळजी नको. त्याच पत्त्यावर मतदार असलेल्या नवऱ्याच्या नावाचा पुरावाही अर्जाला जोडता येतो. सासऱ्यांचं बिल आणलं तर मात्र परत येण्याची शक्यता जास्त.

ज्यांचं नाव कुठेच नाही त्यांच्यासाठी नमुना ६. पूर्वी १ जानेवारी हीच एक अर्हता तारीख होती. ऑगस्ट २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या. म्हणजे २ एप्रिलला अठरा पूर्ण झालेल्या मुलीला जानेवारीपर्यंत थांबायचं कारण नाही, १ जुलैच्या तारखेवर तिचं नाव लागतं. अर्ज सतरा पूर्ण झाल्यावरच देऊन ठेवता येतो.

अर्ज गेला म्हणजे काम झालं असं नाही. बीएलओ घरी पडताळणीला येते आणि बाई त्या वेळी खुरपणीला गेलेली असते. घराला कुलूप, कागदावर शेरा, अर्ज नामंजूर. याला सोपा उपाय आहे: टीएचआर वाटपाचा दिवस बीएलओला आधी कळवून ठेवा, त्या दिवशी सगळ्या एकाच जागी भेटतात. नामंजुरी झालीच तर पंधरा दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.

तुम्ही स्वतः बीएलओ नसाल तर आधारच्या झेरॉक्स स्वतःकडे जमवून ठेवू नका, गठ्ठ्याने अर्जही नेऊ नका. अर्ज ज्याचा त्याने द्यायचा. तुम्ही फॉर्म वाचून दाखवा, पेन द्या, संदर्भ क्रमांक बाळाच्या लसीकरण कार्डाच्या मागे लिहून द्या. ते कार्ड आई हरवत नाही.

आमच्या वस्तीतली निम्मी घरं दिवाळीनंतर उसाला जातात. त्यांचं मतदान कसं होणार?
*— सेविका, धारूर तालुका*

पूर्ण उत्तर आमच्याकडेही नाही, पण अर्धं काम तुमच्या हातात आहे.

आधी नाव टिकवायचं. हंगामापुरतं बाहेर गेलेल्या माणसाचा कायम रहिवास तुटत नाही, हे कायद्याच्या कलम २० मध्येच लिहिलं आहे. तरी पडताळणीच्या वेळी घराला कुलूप दिसलं की ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो आणि नाव वगळायची कार्यवाही सुरू होते. सेविकेकडे स्थलांतराची नोंद असते: कोण गेलं, किती लेकरं सोबत नेली, साधारण कधी परतणार. त्यातली ‘हंगामी’ आणि ‘कायमची’ अशी दोन प्रकारची नावं वेगळी करून बीएलओला लेखी द्या. अख्ख्या वस्तीची नावं एका कागदाने वाचतात. कारखान्याच्या गावी नवीन नोंदणी मात्र करू नका, कोपी (तोडीच्या जागची झोपडी) हा कायमचा पत्ता होत नाही.

मतदानाचा दिवस हा खरा पेच. २०२४ ला गाळप १५ नोव्हेंबरपासून आणि विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं. मतदानाला पगारी सुट्टी द्यावी हे १९५१ च्या कायद्याच्या कलम १३५ब मध्ये आहे, रोजंदारीवाल्यालाही ते लागू आहे. पण मुकादमाची उचल घेतलेल्या कोयत्याला (ऊसतोडीच्या जोडप्याला) ती सुट्टी मागायची कोणाकडे, हे कायदा सांगत नाही. टपाली मतदानाची सोय या मजुरांना नाही. म्हणून याद्यांचं काम ऑगस्ट-सप्टेंबरात उरका आणि तारीख हंगामात आली तर ग्रामसभेच्या ठरावाने तहसीलदारांकडे वाहनाची मागणी लेखी करा. तोंडी मागणीला कोणी धूप घालत नाही.

मोठ्या गटाच्या मुलांची खेळातली निवडणूक घ्यायची आहे. साडेचार-पाच वर्षांच्या मुलांना झेपेल का? कशी घ्यावी?
*— बालवाडी शिक्षिका, रत्नागिरी*

झेपते. तिनाच्या मुलांना नाही, त्यांना त्या दिवशी बघू दे. साहित्य घरचंच: पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे दोन सारखे डबे, बाटल्यांची एकाच मापाची झाकणं मुलांच्या संख्येइतकी, एक जुनी साडी, खडू आणि चिमूटभर हळद. चिंचोके टाळा. धाकटी भावंडं आजूबाजूला असतात आणि चिंचोका तोंडात जायला वेळ लागत नाही.

पर्याय दोन, त्याहून जास्त नको. आणि असे, की कोणताही जिंकला तरी लगेच दहा मिनिटांत करता येईल: आज शेवटी ‘मामाचं पत्र हरवलं’ खेळायचं की आंधळी कोशिंबीर? ‘खिचडी की उसळ’ विचारू नका. पाककृती वरून ठरलेली असते. मुलांनी उसळ निवडली आणि ताटात खिचडी आली तर पहिल्याच दिवशी त्यांना कळतं की मत विचारतात आणि करतात आपलंच. माणसांवरही मत घेऊ नका. ‘वर्गाचा मॉनिटर कोण’ यात पाच वर्षांच्या मुलाला शून्य झाकणं मिळतात, आणि ते शून्य घरापर्यंत जातं.

डब्यांवर चित्रं लावा, पण जपून. एखाद्या वस्तूचं चित्र लावलं की ते कोणत्या तरी पक्षाचं चिन्ह निघतं: कमळ, हात, घड्याळ, मशाल, धनुष्यबाण. झुकझुक गाडीसुद्धा नको, इंजिनही चिन्ह आहे! रिंगणात बसलेली मुलं आणि डोळे बांधलेला मुलगा अशी खेळाचीच चित्रं स्वतः काढा. निवडणूक जाहीर झाली असेल त्या काळात हा खेळ घेऊच नका, वर्षाचे बाकीचे महिने पडले आहेत.

साडीचा आडोसा मुलांच्या डोक्याइतक्या उंचीवर बांधा. हजेरीपटावरून नाव घ्या. मूल ‘हजर’ म्हणून पुढे येतं, एक झाकण घेतं, एका बाजूने आत जातं, दुसऱ्या बाजूने बाहेर. डाव्या हाताच्या तर्जनीला हळदीचा ठिपका. खरी शाई कोणी हौसेने आणून दिली तरी वापरू नका. ती म्हैसूरच्या कारखान्यात होते, तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं आणि मुलांची बोटं तोंडात असतात. बाजारातलं कुंकूही नको, स्वयंपाकघरातली हळद पुरे.

गडबड कुठे होते ते सांगतो. आडोसा नसला आणि ‘हात वर करा’ म्हटलं, की पहिल्या धीट मुलाकडे बघून सगळे हात वर होतात. आडोसा असला तरी दोन डब्यांचा आवाज वेगळा येतो आणि बाहेरची मुलं कान देऊन ओळखतात, म्हणून दोन्हींच्या तळाशी घडी घातलेलं फडकं ठेवा. एखादं मूल आत जाऊन दोन्ही डब्यांत बघत बसतं. बसू दे. आणि बाईंचा चेहरा! ‘वा, आंधळी कोशिंबीर का?’ एवढ्या एका वाक्यावर निकाल फिरतो.

मोजणी हा खरा गाभा. झाकणं जमिनीवर नुसती रांगेत मांडली तर गोंधळ होतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला लांब पसरलेली रांग जास्त वाटते, मग तिच्यात सात झाकणं असोत आणि जवळजवळ मांडलेल्या दुसऱ्या रांगेत नऊ. मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी मुलांच्या विचारातली हीच गोष्ट प्रयोग करून दाखवली होती. म्हणून खडूने सारख्या चौकोनांच्या दोन समांतर ओळी आखा आणि प्रत्येक चौकोनात एकच झाकण ठेवायला लावा. कोणती ओळ पुढे गेली ते मुलंच ओरडून सांगतात. समान झाली तर चिठ्ठी काढा. खऱ्या निवडणुकीतही समान मतं पडली तर कायद्याने चिठ्ठीच काढतात.

हरलेल्या गटातलं कोणी रडेल. त्याची समजूत काढायला ‘बरं, मग दोन्ही खेळू’ म्हणू नका, तसं केलंत तर मोजणी कशासाठी केली? जिंकलेला खेळ खेळा, आणि आठवडाभराने पुन्हा मत घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला मुलांना उमगतं की आज हरलेला खेळ पुढच्या वेळी जिंकू शकतो.

सुटताना मूल पिवळं बोट नाचवत बाहेर येतं, आई विचारते ‘हे काय गं?’ घोषणा, फलक काही नको. दारात यादी घेऊन उभं राहायची वेळ ती हीच.

आमच्या चार वर्षांच्या मुलीच्या शाळेने ‘आई-बाबा, मतदान करा’ असं संकल्पपत्र सहीसाठी पाठवलं आणि प्रभातफेरीला बोलावलं. हे योग्य आहे का?
*— एक बाबा, पुणे*

संकल्पपत्र चालतं, निवडणूक यंत्रणेचा तो जुना उपक्रम आहे. त्यात फक्त ‘मतदान करू’ एवढंच हवं, सही ऐच्छिक हवी आणि न करणाऱ्याच्या मुलाला वर्गात कोणी विचारता कामा नये. आमचं मत विचाराल तर बालवर्गाला त्याचा उपयोग शून्य. लिहिता-वाचता न येणारं मूल हा नुसता पोस्टमन होतो. पाचवीच्या पुढे ठीक.

प्रभातफेरीला चार वर्षांच्या मुलांना नेऊ नये, एप्रिल-मेच्या उन्हात तर मुळीच नाही. पक्षाच्या प्रचारात मुलांना वापरणं ही तर वेगळीच आणि गंभीर गोष्ट. पत्रकं वाटणं, घोषणा, झेंडे, पक्षाच्या कविता यातलं काहीही मुलांकडून करून घ्यायचं नाही, असे कडक आदेश निवडणूक आयोगाने ५ फेब्रुवारी २०२४ ला पक्षांना आणि यंत्रणेलाही दिले आहेत. आईवडिलांसोबत सभेला नुसतं आलेलं मूल त्यात मोडत नाही.

गावातले एक इच्छुक उमेदवार अंगणवाडीत मुलांना पाट्या वाटू म्हणतात. नाही कसं म्हणू?
*— मदतनीस, जामखेड तालुका*

‘साहेबांना विचारून सांगते’ म्हणा आणि त्याच दिवशी पर्यवेक्षिकाताईंना लेखी कळवा. आचारसंहिता लागली असेल तर सरळ नकार, आणि वाटप झालंच तर तक्रार. लोकसभा-विधानसभेसाठी निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल ॲप आहे. स्थानिक निवडणुकीत तहसील कार्यालयात द्या. ‘मत दिलं नाही तर आहार बंद होईल’ अशी अफवा उठली तर ती तुम्हीच, आयांसमोर, स्पष्ट शब्दांत खोडून काढा. आहार मुलाच्या नावावर येतो, आणि मत कोणाला दिलं हे कोणालाच कळत नाही.

मी न्यू जर्सीत हेड स्टार्टच्या बालवर्गात साहाय्यक आहे. पालकांची मतदार नोंदणी तिथे करता येईल का?
*— एडिसनहून एक वाचक*

तुम्ही कामाच्या वेळात करू नका. हेड स्टार्ट हा कमी उत्पन्नाच्या घरांतल्या लहान मुलांसाठीचा कार्यक्रम १९६५ पासून अमेरिकी केंद्र सरकारच्या पैशावर चालतो आणि तो निधी मतदार नोंदणीसाठी वापरू नये असं त्याच्या कायद्यात स्पष्ट आहे. त्याच कलमात वाटही ठेवली आहे: कोणत्याही पक्षाची नसलेली संस्था बालवर्गाच्या वेळेत तिथल्या जागेत नोंदणीचं टेबल मांडू शकते. तेव्हा संचालकांशी बोलून अशी संस्था बोलवा, मुलांना न्यायला पालक येतात त्या वेळेला. न्यू जर्सीत निवडणुकीच्या २१ दिवस आधी नोंदणी व्हायला हवी.

आपल्या लोकांत एक धोका मोठा आहे. ग्रीन कार्डवाल्याने किंवा एच-१बी वरच्या माणसाने चुकून अर्जावर ‘नागरिक’ अशी खूण केली तर परत पाठवणीपर्यंत प्रकरण जाऊ शकतं. मराठी बोलणाऱ्या पालकाला आग्रहाने फॉर्म हातात देण्याआधी हे सांगा. भारताचं नागरिकत्व शाबूत असेल तर नमुना ६अ भरून गावच्या यादीत नाव लावता येतं, मत द्यायला मात्र पासपोर्ट घेऊन प्रत्यक्ष केंद्रावर यावं लागतं. ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) भारतात मतदान नाही.

लहान मुलांवर ही मेहनत घेऊन मतदान वाढतं, याला काही आधार आहे की नुसता उत्साह?
*— निवृत्त शिक्षक, सांगली*

गुरुजी, शंका योग्य आहे. एखाद्या केंद्रावर टक्का वाढला तर त्याचं श्रेय डब्यांच्या खेळाला देता येत नाही. उमेदवार, पाऊस, भावकी, सगळंच त्यात असतं. पण एक भक्कम धागा आहे. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘फास्ट ट्रॅक’ नावाचा कार्यक्रम झाला. बालवर्गातच ओळखलेल्या आक्रमक मुलांपैकी सोडतीने निघालेल्या शाळांतल्या मुलांना पहिलीपासून दहा वर्षं मदत दिली: राग आवरणं, दुसऱ्याचं मन ओळखणं, आईवडिलांशी घरभेटी. मतदानाचं त्यात अवाक्षर नव्हतं. ती मुलं मोठी झाल्यावर, सोडतीत न आलेल्या मुलांपेक्षा जास्त प्रमाणात मतदानाला गेलेली आढळली. तो अभ्यास २०१७ ला प्रसिद्ध झाला.

म्हणजे पाळी येईपर्यंत थांबणं, हरल्यावर डाव न मोडणं हे जे अंगणवाडीच्या ‘आकार’ अभ्यासक्रमात रोज चालतं, तेच या कामाचं बी. त्याचं पीक यायला पंधरा वर्षं लागतात. लगेच दिसणारं फळ आईच्या बाजूला आहे, कारण ती दर महिन्याला दाराशी येते. बोर्डी-कोसबाडला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी आदिवासी पाड्यांत मुलं शाळेत येईनात म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली होती. मतदार नोंदणीचं टेबल तहसील कचेरीतून उचलून त्याच अंगणात मांडायला नवा निधी लागत नाही. बीएलओने महिन्यातला एक दिवस, टीएचआर वाटपाचा, तिथे बसायचं.

ता. क. मतदानाला मूल न्यावं का, असं नाशिकच्या एका आईने विचारलं आहे. खुशाल न्या. कडेवरच्या मुलाला केंद्रात आत सोडावं हे १९६१ च्या निवडणूक नियमांतच आहे, आणि तान्हं मूल घेतलेल्या बाईला रांगेत पुढे घेण्याच्या सूचना केंद्राध्यक्षांना असतात. नाही घेतलं तर तसं सांगून मागा. फक्त यंत्राचं बटण त्याला दाबू देऊ नका, कितीही हट्ट केला तरी. बाहेर आल्यावर शाईचं बोट दाखवा.